गुरुवारचं वायफाय: राउटरच्या छोट्या यूपीएसची झाडाझडती

पुण्यात घरून काम करणाऱ्याच्या आठवड्यातला एक दिवस महावितरणचा असतो, तो म्हणजे गुरुवार. देखभाल-दुरुस्तीसाठी याच दिवशी वीज बंद ठेवायची इथली जुनी रीत आहे. दर गुरुवारी प्रत्येक फीडरची, म्हणजे एकेका भागाला वीज पुरवणाऱ्या वाहिनीची, पाळी येत नाही. पण ज्या दिवशी येते त्या दिवशी सकाळी गेलेली लाईट दुपारची जेवणं उरकली तरी परतत नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, वायफायचा डबा मात्र पहिल्याच क्षणाला मान टाकतो.

ऑफिसने आठवड्यातून दोन-तीन दिवस बोलावलं असेल आणि दिवस निवडायची मुभा असेल, तर गुरुवारी ऑफिस गाठा. विषय तिथेच संपतो. हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या आयटीच्या इमारतींना जनरेटर असतात. लाईट गेलीये हे तिथे कुणाला कळतही नाही. अशांनी खालची वस्तू न घेता ते पैसे पेट्रोलला ठेवावेत. पण पुष्कळ ठिकाणी सगळ्या टीमने एकत्र यायचे दिवस वरून ठरून येतात, ते मंगळवार-बुधवार असतात, आणि गुरुवार नेमका घरी पडतो. हे परीक्षण त्यांच्यासाठी.

वस्तू म्हणजे राउटरचा छोटा यूपीएस. तळहातात मावणारा प्लॅस्टिकचा डबा, आत लिथियमचे तीन-चार सेल, एका बाजूने वीज आत, दुसऱ्या बाजूने १२ व्होल्ट बाहेर. ऑनलाइन साधारण १,००० ते २,००० रुपयांत मिळतो. ओकटर, रेझोनेट, क्यूझॉर अशा नावांचे भारतीय डबे आहेत, आणि नावगाव नसलेले पांढरे डबे तर ढिगाने आहेत. इथे एका कंपनीऐवजी सगळ्या जातकुळीचंच परीक्षण आहे, कारण आतला माल बराचसा सारखाच असतो. फसगत होते ती मोजक्या बारीक गोष्टींत, आणि त्या गोष्टी खोक्यावर छापलेल्या नसतात.

पैसे कुठे वसूल होतात

शटडाऊनचे तास सगळे मोजतात. या डब्याचे पैसे मात्र पाच सेकंदांच्या झटक्यांत वसूल होतात. मे महिन्यातला वळीव असो की जुलैतली झड, लाईट एकदा मिचकते आणि परत येते. ट्यूब लागते, पंखा फिरू लागतो, घरातल्या बाकीच्यांसाठी गोष्ट संपलेली असते. राउटर मात्र पहिल्यापासून सुरू होतो. तो उठायला मिनिट-दीड मिनिट लागतं. फायबरचा मोडेम, म्हणजे ओएनटी, इंटरनेट कंपनीच्या टोकाला आपली ओळख पटवून देईपर्यंत आणखी एक-दोन मिनिटं जातात. मग लॅपटॉप वायफाय पकडणार, मग व्हीपीएनचं लॉगिन, मग फोनवरचा ओटीपी. सेकंदांच्या झटक्याची किंमत पाच मिनिटं, आणि ती नेमकी तुम्ही स्क्रीन दाखवत असताना मोजावी लागते. असं आठवड्यातून दोनदा झालं की साहेब काही बोलत नाहीत, फक्त पुढच्या मीटिंगला "तुम्ही त्या दिवशी ऑफिसलाच या" असं सुचवतात.

छोटा यूपीएस हे झटके गिळतो. चांगल्या डब्यात बॅटरी कायम वाटेतच बसलेली असते, त्यामुळे वीज गेली तरी राउटरला खंड जाणवत नाही. काही स्वस्त डब्यांत वीज गेल्यावर आतलं सर्किट बाजू बदलतं आणि मध्ये निमिषभर अंधार पडतो. तेवढ्यानेही राउटर पुन्हा सुरू होतो, म्हणजे डबा असून नसल्यासारखा. दोन्ही डबे बाहेरून सारखेच दिसतात. फरक कळायचा तो घरी लावून बघितल्यावरच. चाचणी पुढे दिली आहे.

विकत घेण्याआधी वायर बघा

ही पायरी वगळून डबा मागवणारे सर्वात जास्त हात पोळून घेतात. घरात इंटरनेट कोणत्या वायरने येतं ते बघा. राउटरला किंवा ओएनटीला बारीक, लवचिक वायर हिरव्या किंवा निळ्या चौकोनी टोकाने जोडलेली असेल, तर ती फायबर. घरापासून कंपनीच्या टोकापर्यंत वाटेत जे स्प्लिटर असतात त्यांना वीज लागतच नाही. उजेड फक्त वाटला जातो. पलीकडे कंपनीच्या उपकरणांना बॅकअप असेल, तर तुमच्या डब्यावर इंटरनेट चालू राहणार.

पण जुन्या सोसायट्यांत केबलवाल्याने गच्चीवर किंवा जिन्यात एक पेटी ठोकलेली असते, त्यात स्विच असतो, आणि तिथून प्रत्येक फ्लॅटला लॅनची जाड वायर उतरते. लँडलाइन फोनच्या पिनेसारखी पण रुंद, पारदर्शक पिन राउटरच्या मागच्या वेगळ्या रंगाच्या भोकात गेलेली असेल, तर तुमचं कनेक्शन या जातीचं. गच्चीवरची पेटी सोसायटीच्या विजेवर चालते. ती विझली की घरातला राउटर यूपीएसवर दिमाखात दिवे लावून बसेल, फोनवर वायफायच्या तीनही काड्या दिसतील आणि इंटरनेट शून्य. यात डब्याचा काहीच दोष नाही. केबलवाल्याला सरळ विचारा: "गच्चीवरच्या स्विचला बॅकअप आहे का, आणि किती तासांचा?" उत्तर "आहे ना साहेब" असं नुसतं आलं तर पुढच्या शटडाऊनला पेटीजवळ जाऊन दिवे लागलेत का ते बघा. नसतील तर सोसायटीकडून त्या पेटीसाठीच एक यूपीएस बसवून घेणं सगळ्यांनाच स्वस्त पडतं.

फायबरवाल्यांनी ओएनटीचे दिवे ओळखायला शिकावं. पीओएनचा दिवा हिरवा स्थिर आणि एलओएसचा विझलेला, म्हणजे उजेड येतोय. शटडाऊनमध्ये एलओएस लाल चमकू लागला तर पलीकडून उजेडच बंद झालाय, तुमच्या डब्याला काही करता येणार नाही. पीओएन हिरवा आहे आणि तरी इंटरनेट नाही, तर कंपनीच्या पुढच्या मार्गावर काहीतरी बसलंय. तक्रार करताना हे दोन दिवे सांगितले की "राउटर बंद करून चालू करा" हा पहिला अध्याय टळतो.

खोक्यावरचे चार तास

खोक्यावर एमएएच, म्हणजे बॅटरीची साठवण मिलिअँपिअर-तासांत, मोठ्या अक्षरांत असतं. त्याचा उपयोग जवळजवळ नाही, कारण तो आकडा ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो आणि राउटर १२ व्होल्टवर चालतो. वॉट-तास काढा: एमएएच भागिले १,००० गुणिले ३.७. २,००० एमएएचचे तीन सेल असतील तर २२ वॉट-तास. २,६०० चे चार असतील, ज्यावर "१०,४०० एमएएच" लिहिलेलं असतं, तर ३८ वॉट-तास. व्होल्टेज वरखाली करण्यात थोडं वाया जातं, म्हणून त्यातले ८५ टक्के धरा.

आता खर्चाची बाजू. दोन बँडचा साधा राउटर प्रत्यक्षात ५ ते ८ वॉट खातो. वेगळा ओएनटी असेल तर त्याचे आणखी ४ ते ६. दोन्ही मिळून ११ वॉट धरले, तर लहान डबा पावणेदोन तास पुरतो आणि मोठा तीन तास. मग "४ तास बॅकअप" कुठून आला? लहान डब्याला पाच वॉटही न खाणारा एकच छोटा राउटर लावला तर चार तास भरतात. जाहिरात खोटी नाही, फक्त ती तुमच्या घरात बसून लिहिलेली नाही. अडॅप्टरवर १२ व्होल्ट १.५ अँपिअर लिहिलंय म्हणून १८ वॉट धरून घाबरूही नका. ती वरची मर्यादा असते, रोजचा खर्च तिच्या निम्म्याच्या आसपास असतो.

अगदीच अनोळखी डबा असेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. आतला सेल बहुधा १८६५० नावाचा असतो: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, वजन साधारण ४५ ग्रॅम. चार सेलचं वजनच १८० ग्रॅम होतं. चार सेलचा म्हणून विकलेला डबा अख्खा १५० ग्रॅम भरला तर आत काय आहे ते समजून घ्यायचं. शिवाय या मापाच्या चांगल्यात चांगल्या सेलमध्ये ३,५०० एमएएचच्या आसपासच मावतं. "३ सेल, १५,००० एमएएच" असं कुठे दिसलं तर पुढे वाचायची गरज नाही. लिथियम सेलला आपल्याकडे आयएस १६०४६ या मानकाखाली बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, नोंदणी लागते. 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघता येतो. चोवीस तास, सातही दिवस, लाकडी टीव्ही युनिटवर चार्ज होत राहणारी वस्तू आहे ही. हा मिनिटभर खर्च करावाच.

पिन, ध्रुव आणि ९ व्होल्टचा सापळा

राउटरचा अडॅप्टर काढून त्यावरची बारीक अक्षरं वाचा. आउटपुट १२ व्होल्ट हवं. काही जुने राउटर ९ व्होल्टचे आहेत, त्यांना १२ चा डबा लावायचा नाही. शेजारी एक छोटं चित्र असतं, मध्ये ठिपका आणि भोवती अर्धवर्तुळ. ठिपक्याकडे अधिकचं चिन्ह असेल तर मधली पिन धन, आणि बहुतेक सगळे डबे याच पद्धतीचे असतात. उलटं असेल तर थांबा.

मग पिनचं माप. बाहेरचा व्यास ५.५ मिलिमीटर ठरलेला, पण आतलं भोक २.१ किंवा २.५ मिलिमीटरचं. राउटरच्या सॉकेटमधला काटा २.५ चा असेल तर २.१ ची पिन आत जाणारच नाही. ते बरं, निदान कळतं. उलट प्रकार त्रासदायक आहे: २.१ च्या काट्यावर २.५ ची पिन अलगद बसते, दिवे लागतात, सगळं ठीक वाटतं. मग कुणी झाडू मारताना वायरला धक्का लावतं आणि राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो. "यूपीएस लावल्यापासून नेट तुटतंय" अशा तक्रारीत सर्वात आधी ही सैल पिन तपासावी: पिन बसवून हलकेच डावी-उजवी हलवायची आणि दिव्यांकडे बघायचं. योग्य मापाची कन्व्हर्टर पिन पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला पन्नास रुपयांच्या आत मिळते. जुना अडॅप्टर सोबत घेऊन जा, दुकानदार माप न विचारता हातात देतो.

एकाच डब्यावर ५, ९ आणि १२ व्होल्टची वेगवेगळी भोकं असलेले मॉडेल दिसायला सोयीचे आहेत. त्यांतली अडचण अशी की ९ आणि १२ च्या भोकांना एकच पिन बसते. १२ चा राउटर ९ मध्ये गेला तर तो सारखा उठबस करत राहतो, पण ९ चं यंत्र १२ मध्ये गेलं तर जळू शकतं. घरात लहान मुलं किंवा उत्साही पाहुणे असतील तर एकाच आउटपुटचा डबा घ्या. आणि बहुभोकी डबा घेतलाच, तर न लागणाऱ्या भोकावर चिकटपट्टी लावून टाका. ओबडधोबड दिसेल, चालेल.

राउटर आणि ओएनटी दोन्ही चालवायचे तर एकातून दोन होणारी वायर लागते. दोन्ही यंत्रं १२ व्होल्टचीच हवीत आणि दोघांचा मिळून अँपिअर डब्याच्या मर्यादेत हवा. इथे एक चूक हमखास होते: राउटर डब्यावर आणि ओएनटी भिंतीवर. दोन्ही जगले तरच इंटरनेट जगतं.

लाईट आल्यावर राउटर बंद का पडतो

शटडाऊनभर सगळं सुरळीत चालतं आणि वीज परत येते त्या क्षणी राउटर बंद पडतो, अशी तक्रार बरीच ऐकू येते. कारण साधं आहे. पुष्कळ डबे राउटरच्याच अडॅप्टरवर चालतात: अडॅप्टर डब्यात, डबा राउटरमध्ये. वीज आली की त्या अडॅप्टरला दोन कामं एकदम करावी लागतात, राउटर चालवायचा आणि रिकामी बॅटरीही भरायची. अडॅप्टर १२ व्होल्ट १ अँपिअरचा, म्हणजे १२ वॉटचा. राउटर आणि ओएनटी ११ वॉट खातात. उरला एक वॉट. बॅटरी भरभरून ओढू लागली की व्होल्टेज बसतं आणि राउटर गडगडतो. गडगडला नाही तरी त्या एका वॉटवर २२ वॉट-तासांचा डबा भरायला अख्खा दिवस जातो, म्हणजे संध्याकाळी पुन्हा लाईट गेली की डबा रिकामाच.

उपाय आहे १२ व्होल्ट २ अँपिअरचा चांगला अडॅप्टर. दोनशे-तीनशे रुपयांचा खर्च आहे. तो डब्यासोबतच मागवा, नंतर बघू म्हणू नका. ज्या डब्यांना स्वतःची थेट २३० व्होल्टची वायर असते त्यांच्यात ही भानगड येत नाही. थोडे महाग पडतात, पण दोन यंत्रं चालवायची असतील तर तेच घ्यावेत. या संपूर्ण परीक्षणातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, कारण 'डबा खराब निघाला' म्हणून परत जाणाऱ्या कित्येक डब्यांचा खरा आजार अडॅप्टरमध्ये असतो.

लावल्यावर चाचणी

परत करायची मुदत संपायच्या आत ही चाचणी उरका. डबा आधी नुसता पाच-सहा तास चार्ज करा. मग राउटर जोडा, लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून राउटरच्या पत्त्याला, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, सलग पिंग, म्हणजे लॅपटॉपने राउटरला "आहेस का?" म्हणून मारलेली हाक, सुरू ठेवा. भिंतीवरचं बटण बंद करा, दहा सेकंदांनी चालू करा, असं दहा वेळा. एकही पिंग चुकायला नको. एक-दोन वेळा सलग तीस-चाळीस चुकले तर राउटर पुन्हा सुरू झालाय, आणि हा डबा परत जाण्याच्या लायकीचा आहे. आधी अडॅप्टर बदलून एकदा बघा, एवढंच.

दुसरी चाचणी पूर्ण रिकामं होण्याची. सुट्टीच्या दिवशी बटण बंद करून घड्याळ लावा आणि फोनवर एखादा व्हिडिओ चालू ठेवा. किती वेळाने नेट गेलं तो आकडा मिनिटांत डब्याच्या पाठीवर मार्करने तारखेसकट लिहून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजल्यावर बॅटरी किती म्हातारी झाली ते या आकड्यावरून कळतं, दुसरा मार्ग नाही. डब्यावरचे चार हिरवे दिवे शेवटच्या वीस मिनिटांपर्यंत चारही लागलेले असू शकतात.

बाकीच्या साखळीचं काय

राउटर जगला तरी पुढे अडकायला जागा आहेत. हॉलमध्ये राउटर आणि बेडरूममध्ये वायफायचा एक्स्टेंडर असेल तर एक्स्टेंडर भिंतीच्या विजेवर आहे, तो जातो. शटडाऊनपुरती खुर्ची हॉलमध्ये न्या किंवा एक्स्टेंडरला दुसरा डबा घ्या, पण थेट भिंतीत खोचायचे एक्स्टेंडर १२ व्होल्टवर चालतच नाहीत. लॅपटॉप डॉकला लावून लॅनच्या वायरने चालवत असाल तर डॉकलाही स्वतःचा अडॅप्टर असतो. लाईट गेली की डॉक, मॉनिटर आणि लॅन तिन्ही एकदम जातात आणि कॉल वायफायवर उडी मारेपर्यंत तुटतो. छोटा टाइप-सी हब, जो लॅपटॉपमधूनच वीज घेतो, तो टिकतो. महत्त्वाचा कॉल असेल त्या गुरुवारी सकाळपासूनच वायफायवर बसणं शहाणपणाचं.

लॅपटॉपच्या बॅटरीचा हिशेबही याच्या शेजारी मांडा. ५० वॉट-तासांची नवीन बॅटरी व्हिडिओ कॉलवर १५ ते २० वॉटने अडीच-तीन तास जाते. तीन वर्षं वापरलेली दीड तासातच धापा टाकते. लॅपटॉप दीड तासाचा असेल तर मोठ्या डब्यावर जादा पैसे घालवण्यात अर्थ नाही. डेस्कटॉपवाल्यांना तर हा डबा फक्त झटक्यांपुरता, कारण डेस्कटॉपच जागेवर बसतो.

इतर पर्यायांशी तुलना

घरात इन्व्हर्टर असेल तर पहिला प्रश्न: राउटरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाईनवर आहे का? टीव्हीच्या मागचा पॉइंट बऱ्याच घरांत त्या लाईनवर नसतो, आणि इलेक्ट्रिशियनकडून एक वायर ओढून घेणं डब्यापेक्षा स्वस्त पडू शकतं. असूनही राउटर झटका खात असेल तर इन्व्हर्टरचं बटण बघा. इको किंवा नॉर्मलवर असेल तर बदलायला जास्त वेळ लागतो. यूपीएस मोडवर टाकलं की बहुतेकदा भागतं. त्यानेही नाही भागलं तर इन्व्हर्टर आणि छोटा डबा ही जोडी सर्वोत्तम: डबा फक्त तो निमिष सांभाळतो, तास इन्व्हर्टर सांभाळतो, आणि लहानात लहान डबाही चालतो.

कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा यूपीएस तीनेक हजारांचा. आत १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तासांची) लेड-ॲसिड बॅटरी, म्हणजे कागदावर ८४ वॉट-तास, छोट्या डब्याच्या दुप्पट-चौपट. पण तो आधी १२ चे २३० व्होल्ट करतो आणि राउटरचा अडॅप्टर त्याचे परत १२ करतो. या द्राविडी प्राणायामात यूपीएस स्वतःच दहा-पंधरा वॉट खातो, राउटरपेक्षा जास्त. हाती दोन-तीन तास लागतात. काही मॉडेल इतका कमी भार बघून "कुणी नाही वाटतं" म्हणत आपोआप बंदही होतात. आणि ती पीं-पीं. कॉलवर माइक चालू असताना ती सगळ्या टीमला ऐकू जाते.

पॉवर बँकेचा जुगाड फिरत असतो: ५ चे १२ व्होल्ट करणारी यूएसबीची वायर. एका छोट्या राउटरला ती चालते, कारण ५ व्होल्ट २ अँपिअरचे १० वॉट होतात आणि त्यातलेही काही वाटेत जातात. कायमच्या जोडणीला उपयोग नाही. बऱ्याच पॉवर बँका चार्जिंग सुरू किंवा बंद होताना आउटपुट क्षणभर तोडतात, म्हणजे ज्या झटक्यासाठी हे सगळं केलं तोच झटका पॉवर बँक देते. टाइप-सी पीडीवरून (पॉवर डिलिव्हरी, वेगवेगळे व्होल्ट देणारी चार्जिंगची पद्धत) थेट १२ व्होल्ट मागणारी वायर घेतली तरी पॉवर बँकेवर १२ व्होल्ट छापलंय का बघा. पीडीच्या ठरलेल्या पायऱ्या ५, ९, १५ आणि २० आहेत, १२ देणं कंपनीच्या मर्जीवर.

मोबाइलचा हॉटस्पॉट फुकटचा वाटतो. एका तासाचा व्हिडिओ कॉल एक जीबीच्या आगेमागे खातो, दिवसाच्या दोन जीबीच्या पॅकमध्ये दोन मीटिंगा. शिवाय लाईट गेली की अख्खी सोसायटी त्याच टॉवरवर येते. हाताशी ठेवायला बरा, भरवशावर राहायला नाही.

कुणी घ्यावा

मुंबई शहरात बेस्ट, टाटा किंवा अदानीची वीज असेल आणि वर्षातून मोजून चार वेळा जात असेल, तर हा डबा अडगळ आहे. ठाणे, डोंबिवली, कल्याण, बदलापूर इथल्यांनी आणि पुणेकरांनी घ्यावा. गावी कोकणात आईवडिलांकडे जाऊन पावसाळ्यात महिनाभर काम करायचा बेत असेल तर मात्र तीन तासांच्या डब्याने भागणार नाही. तिथे झाड पडलं की लाईट दुसऱ्या दिवशी येते. तिथे इन्व्हर्टरच हवा, आणि इंटरनेटची दुसरी वाटही.

घ्यायचा तर दोन यंत्रांच्या घरात ३५ वॉट-तासांच्या वरचा, एकच १२ व्होल्टचं आउटपुट असलेला, स्वतःची भिंतीची वायर असलेला. एकच यंत्र असेल तर २० वॉट-तासांचा पुरे. वॉरंटी वाचताना डब्याची वेगळी आणि बॅटरीची वेगळी आहे का ते बघा. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल असलेला डबा दिसला तर चारशे-पाचशे जादा द्यायला हरकत नाही. तो आकाराने मोठा असतो, पण कायम भरलेलं राहणं आणि उकाडा या दोन्हींना जास्त पुरतो. साध्या लिथियम-आयन सेलला हेच दोन शत्रू असतात आणि राउटरच्या कामात दोन्ही चोवीस तास भेटतात. म्हणून डबा राउटरच्या डोक्यावर ठेवू नका, बंद कपाटात किंवा चपलांच्या रॅकमध्ये कोंबू नका, खिडकीतल्या उन्हात तर नाहीच. हाताला कोमट लागला तर ठीक. बोट ठेववत नसेल इतका तापला तर काढून टाका. दीड-दोन वर्षांनी पाठीवर लिहिलेल्या मिनिटांच्या निम्म्यावर आला की बदलायचा. जुना ओल्या कचऱ्यात जाता कामा नये, सुक्यातही नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, नाहीतर ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.

महावितरणच्या बिलावरच्या १२ अंकी ग्राहक क्रमांकाशी तुमचा मोबाइल जोडून घ्या, ठरलेल्या शटडाऊनचा एसएमएस त्यावर येतो. भाड्याच्या घरात हा नंबर अनेकदा घरमालकाचा असतो आणि एसएमएस त्याच्याकडे पडून राहतो. १९१२ वर विचारूनही कळतं. बुधवारी संध्याकाळी एवढं कळलं तर गुरुवारी घर की ऑफिस हे रात्रीच ठरवता येतं.

राउटरचा मूळ अडॅप्टर फेकू नका. "राउटर १२ व्होल्ट" अशी चिठ्ठी चिकटवून तो राउटरजवळच्या खणात ठेवा. कधीतरी लाईट असूनही नेट जाईल आणि डब्याचे दिवे विझलेले दिसतील. तेव्हा डबा बाजूला काढायचा, तो अडॅप्टर थेट राउटरला लावायचा, आणि डब्याचं काय ते कॉल संपल्यावर बघायचं.